हवेत सोडलेला कप

सक्करदऱ्याच्या तलावापाशी, टपरीवर माझ्या शेजारी एक ताठ बसलेला गृहस्थ चहा पीत होता. फोन वाजला, तसा त्यानं कप चक्क हवेत सोडून दिला आणि दोन्ही हातांनी खिसे चाचपायला लागला. कप फुटला, माझी चप्पल भिजली.

"काहून सोडला जी?" टपरीवाला ओरडला.

तो ओशाळून हसला. "आधी लढाऊ विमानं चालवत होतो, मग अंतराळात गेलो. तिथं सोडलेली वस्तू तरंगत राहते. परत आलो, पण हाताले अजून समजून नाही राहिलं."

मला थापच वाटली. मग त्यानं फोनमधला तान्ह्या लेकीचा फोटो दाखवला.

"दिवसभर उचलून घेऊन फिरत असाल!" मी म्हटलं.

"घेतो ना," तो हळूच म्हणाला, "पण गादीवर बसून."