आंधळगावचे सहा शनिवार

आधीच सांगून टाकतो, असले अनुभव मी आजवर गंमत म्हणून वाचत आलो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाच्या गाडीवर मागे कुणी येऊन बसलं... स्टाफरूममध्ये असा विषय निघाला की सगळ्यात आधी मी हसायचो. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, त्यात घर ख्रिस्ती. भूत, भानामती, अंगात येणं, यातलं काही आमच्याकडे चालत नाही. तुम्ही म्हणाल, मग देव तरी मानता ना? मानत होतो. पण खरं सांगू? तो माझ्या जगण्यात येऊन काही करेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आणि हे सांगताना मला भीती वाटत नाही. लाज वाटते. वाचाल तेव्हा कळेल.

तेव्हा भंडारा-गोंदिया जिल्हे वेगळे होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी मोहाडीत राहायचो. बाजाराच्या बाजूला एका भाड्याच्या हॉलमध्ये आमची मंडळी जमायची, वीस-पंचवीस माणसं. पाळकसाहेब भंडाऱ्याहून यायचे. रविवारची उपासना झाली की मी एक तास घ्यायचो. विषय — आत्मिक परिपक्वता! फळ्यावर पायऱ्या काढायचो. सगळ्यात खाली नवा विश्वासी, सगळ्यात वर परिपक्व माणूस. स्वतःला मी कुठल्या पायरीवर ठेवत होतो, ते वेगळं सांगायला नको. मला मंडळीचा वडील नेमायचं जवळजवळ ठरलं होतं. वडील म्हणजे वयाने नव्हे, जबाबदारीने.

आमच्या मंडळीत आंधळगावचे नत्थूभाऊ होते. विणकर माणूस. कोशाचं रेशमी कापड विणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. बहीण सोबत राहायची, पण धानाची रोवणी सुरू झाली की ती सकाळीच बांधीत, म्हणजे शेतात, जायची ती दिवस मावळताना परत. तोवर माणूस एकटा खाटेवर.

पाळकसाहेब मला म्हणाले, "सर, तुमची शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारी नत्थूभाऊंकडे जात जा. बसा थोडं, दोन घास भरवा."

पहिल्या शनिवारी गेलो. दारातच वास आला. गोधडी ओली होती. त्यांच्या तोंडातून लाळ गळत होती आणि मला बघून ते हसायचा प्रयत्न करत होते. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. तिथेच उभा राहून प्रार्थना केली — चांगली केली, मला शब्दांची कधी अडचण नव्हती — आणि निघालो. कोपऱ्यात ताटाखाली भात झाकलेला होता. मला दिसला होता.

दुसऱ्या दिवशी मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्याकडून काय करवून घेतलं ते सांगायला, उठलो आणि तोंडून निघालं, "काल नत्थूभाऊंना माझ्या हाताने जेवू घातलं." सगळे म्हणाले, "आमेन."

पुढचे सहा शनिवार मी आंधळगावला गेलोच नाही. घरी पडून मॅच बघितली. आणि दर रविवारी नवी साक्ष दिली. एकदा म्हणालो, पायांना टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल चोळलं. एकदा म्हणालो, नखं कापून दिली. एका रविवारी तर सांगितलं, की मी पाटी घेऊन गेलो आणि त्यांना डाव्या हाताने लिहायला शिकवतोय. या गोष्टी मी आधी ठरवून जात नव्हतो. हॉलमध्ये उभा राहिलो की सुचायच्या.

मग सातव्या साक्षेनंतर पाळकसाहेब भर मंडळीत म्हणाले, "येत्या शनिवारी आपण सगळे सरांसोबत नत्थूभाऊंना भेटायला जाऊ. आणि रविवारी सरांची नेमणूक करू."

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. शेवटी ठरवलं, सगळ्यांच्या तासभर आधी पोचायचं आणि नत्थूभाऊंच्या पाया पडायचं. भाऊ, फक्त हो म्हणा. एवढंच.

गाडी लावली तर शेजारच्या ओसरीत मेश्रामकाका पेपर वाचत बसले होते. रिटायर्ड पोस्टमन, बौद्ध. पहिल्या भेटीत आमची ओळख झाली होती.

"जयभीम काका," मी म्हणालो.

"जयभीम सर. आज लवकर आले? तुमी तं दोन वाजता येता."

मला वाटलं टोमणा मारताहेत. म्हणालो, "काका, मला मध्ये जमलं नाही यायला..."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "जमलं नाही? मागच्या शनिवारी माह्या घरून पाणी मागून नेलं ना तुमी गोधडी धुवाले? का बोलून राहिले सर?"

मी आत गेलो. वास नव्हता. नत्थूभाऊ उशीला टेकून बसले होते, नखं कापलेली, पायांवर तेलाची चकाकी. आणि मांडीवर पाटी. त्यावर वाकड्यातिकड्या, मोठ्या अक्षरांत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. डाव्या हाताने.

आता जे सांगतो ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. अशा वेळी माणसाला घाम फुटायला हवा ना? माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं — वाचलो! आपली अब्रू वाचली! भीती नंतर आली.

हिशोब तर लागतच नव्हता. पाटीची गोष्ट मला रविवारी सुचली होती, आणि माझ्या मागोमाग दारात आलेले काका सांगत होते की पाटी त्याच्या आदल्या दिवशीच आली. म्हणजे माझं खोटं माझ्या तोंडून निघायच्या आधीच कुणीतरी खरं करून ठेवलं होतं.

थोड्या वेळाने मंडळी आली. नत्थूभाऊ जड जिभेने म्हणाले, "सर बहुत करतेत माह्यासाठी." पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला मिठी मारली. आणि मी मारू दिली.

रविवारी मला पुढे बोलावलं. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला आणि मला राहवलं नाही. म्हणालो, "थांबा. मी गेलो नव्हतो. त्या सहापैकी एकाही शनिवारी नाही."

मग मागून एक बाई म्हणाल्या, "पाहा, किती नम्रता!" सगळ्यांनी मान हलवली. अहो, कुणी विश्वासच ठेवेना! कालच तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी दोन-तीनदा ओरडून सांगितलं, मी खोटं बोललो, मी घरी होतो. बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून हळूच म्हणाली, "होय. घरीच होते." तेव्हा पाळकसाहेबांनी डोक्यावरचा हात काढून घेतला. नेमणूक झाली नाही.

तिथून मी तडक आंधळगावला गेलो. मेश्रामकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "मी देव मानत नाही, भूत मानत नाही. पण माहे डोळे चांगले आहेत सर. तुमीच होते."

आत जाऊन खाटेजवळ खाली बसलो. "नत्थूभाऊ, मी एकदाच आलो होतो. दारातून परत गेलो."

"मालूम आहे."

"मग तो कोण होता?"

"मले का मालूम? तोंड तुमचं, आवाज तुमचा. पण त्याले घाई नव्हती."

"मग काल सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

ते डाव्या हाताने तोंड पुसत म्हणाले, "काल तुमी खरंच आले होते ना. बोललो असतो तं शरमेनं पुन्हा आले नसते."

त्या दिवसापासून मी जायला लागलो. सुरुवातीला गोधडी धुताना मध्येच बाहेर जाऊन ओकायचो, परत आत यायचो. फळ्यावरचा तास मी सोडून दिला. नत्थूभाऊ आणखी अडीच वर्षं जगले.

मधल्या काळात एकच शनिवार चुकला. नागपूरला साडूच्या घरी लग्न होतं. बहीण बांधीत असणार हे मला माहीत होतं, मेश्रामकाका मुलाकडे गेले होते तेही माहीत होतं. दुसऱ्या कुणाला सांगून जाता आलं असतं. नाही सांगितलं. कारण मनात कुठेतरी होतं... तो जाईल की!

रविवारी उपासना संपल्या संपल्या आंधळगाव गाठलं. बहीण चुलीजवळ होती, मला पाहून तिने पाठ फिरवली. मी नत्थूभाऊंना विचारलं, "काल कोणी आलं होतं?"

"नाही जी," ते म्हणाले. "वाट पाहिली. मंग बहीण येईवरी उपाशीच झोपलो."

मी नव्हतो तेव्हा सहा शनिवार तो का आला, आणि सगळं माहीत असूनही मी गेलो नाही तेव्हा तो का आला नाही, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. पाळकसाहेबांकडेही नव्हतं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. पण तो भास होता, असं लिहू नका. त्या शनिवारी एक माणूस उपाशी राहिला होता, आणि या वेळी तिथे न गेलेला माणूस नक्की मीच होतो.