एक हात आणि वर चार बोटं

व्हिल्मामावशीला नवऱ्याची शिट्टी आणि भिंतीवरचा डाग, दोन्ही सहन होत नसत. नवरा गेला, डाग राहिले. तिसा नदीकाठच्या आमच्या गावातलं वाचनालय ती तीस वर्षं झाडत-पुसत होती. चुनाही स्वतःच लावायची. मी तिथला ग्रंथपाल, म्हणजे कागदोपत्री तिचा साहेब. प्रत्यक्षात पाय पुसल्याशिवाय मलाही आत प्रवेश नव्हता.

इमारत मूळची सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. महायुद्धात, चव्वेचाळीस साली, गावातल्या ज्यूंना आगगाडीत कोंडून छळछावण्यांत नेलं. परतले ते थोडे, आणि तेही हळूहळू गाव सोडून गेले. मग इथे धान्य साठवलं, नंतर पुस्तकं आली. त्या ज्यूंपैकी गावात उरले एकटे ग्रोसकाका, घड्याळं दुरुस्त करणारे. लहानपणी एका शेतकरणीनं गोठ्यात लपवलं म्हणून वाचलेले. ते रोज दहाला येत, पुस्तकांच्या नोंदींची कार्डं ठेवायच्या मोठ्या कपाटाला खुर्ची टेकवून वर्तमानपत्र वाचत. तिथे उजेड बेताचाच.

"काका, डोळे काय फुकट मिळालेत? खिडकीशी बसा की!" मावशी खेकसायची.

"इथंच बरं वाटतं गं."

संगणक आला आणि कपाट गेलं. त्याच्या मागे, दारासमोरच्या भिंतीत, उघड्या विटांचा चौकोन निघाला. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझ्या भिंतीला असलं भगदाड! कुठल्या मेल्या मिस्त्रीनं काम अर्धवट टाकलं?" ईस्टरच्या सुट्टीत तिनं स्वतः गिलावा केला, वर चुन्याचे दोन हात मारले.

वाचनालय उघडलं तेव्हा ग्रोसकाका भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले. मावशी कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट बघत होती.

"छान केलंस, व्हिल्मा," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र न उघडताच घरी गेले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो.

"तिला सांगू नका हं," ते म्हणाले. "फार मनापासून केलंय तिनं. दोन हजार वर्षांपूर्वी जेरुसलेमचं आमचं मंदिर पाडलं गेलं, तेव्हापासून आमच्यात बांधकामात एक हात चौकोन बिनगिलाव्याचा ठेवतात. सगळं पुरं झालं असं वाटू नये म्हणून. इथं आग लागल्यावर नवा गिलावा केला, तेव्हा माझ्या वडिलांचा हात मापाला घेतला होता. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. दर शनिवारी मला तिथे उभं करून म्हणायचे, बघ, हा माझा हात. त्यांचा फोटोसुद्धा नाही हो माझ्याकडे."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मावशीला सांगून टाकलं.

"म्हणजे दोन हजार वर्षं मिस्त्री आलाच नाही?" ती आधी भडकली. मग मटकन खाली बसली. "आणि मी बया कौतुक ऐकायला उभी होते!"

दहाला काका आले तेव्हा ती छिन्नी-हातोडी घेऊन तयार होती.

"बाही वर करा. हात लावा भिंतीला."

काका माझ्याकडे रागानं बघत पुढे झाले. तिनं पेन्सिलीनं खूण केली आणि थांबली.

"छे. हे ते माप नाही."

"हात म्हणजे हातच की."

"गिलावा किती कालवायचा म्हणून मी मोजलं होतं ना! माझा एक हात आणि वर चार बोटं. तुमचा तर माझ्याएवढाच भरतोय." तिनं आपला हात भिंतीला लावला, पुढे चार बोटं ठेवली आणि रेघ ओढली. "काका, तुमचे वडील चांगले उंच होते की हो!"

ग्रोसकाका रेघेकडे बघत राहिले.

"त्यांना नेलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो," ते म्हणाले. "त्या वयात सगळेच उंच दिसतात. मोठा झालो, वाढलो एवढाच. मग वाटायला लागलं, तेही असेच बुटके असतील."

मावशीनं नाक शिंकरलं.

"आता लांब व्हा, धूळ उडेल."

काका हलेनात. तेव्हा तिनं त्यांची खुर्चीच तिथे आणून ठेवली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हातानं त्या जमिनीवर कचरा केला.