मोरी म्हणजे समुद्र

बुधवारी वडील गेले.

शुक्रवारी वैनगंगेत अस्थी सोडल्या, तेव्हा शेजारचे भाऊ म्हणाले, "आता थेट समुद्रात जातीन सर. घरीच पोचले म्हना." नदीवर जमलेले चारदोन लोक हसू दाबत खोकले. मीही खोकले.

वडील गावच्या शाळेत शिक्षक, म्हणून सगळ्यांचे 'सर'; निवृत्तीच्या वर्षी त्यांनी शाळेच्या रद्दीतून एक ज्ञानकोश वाचवला होता. त्यात त्यांना सापडलं की फ्रान्सच्या एका किनाऱ्याला पूर्वी आर्मोरिका म्हणत. केल्ट लोकांच्या भाषेत 'आरे' म्हणजे जवळ आणि 'मोरी' म्हणजे समुद्र. आमचं गाव आरमोरी, आडनाव आरमोरीकर. वडिलांना आणखी पुरावा लागला नाही. त्यांनी फाटकावर पाटी लावली: आडनाव, आणि खाली बारीक अक्षरांत 'म्हणजे समुद्राकाठचे'.

"सर, मोरी तं आमच्याही घरी हाय," भाऊ म्हणत. "भांडे घासतो तिथी. समुद्र नाई दिसला कधी."

सिलिंडरवाल्यानं विचारलं, "तुमी कोकणचे काय जी?" एकदा पुराचं पाणी धानाच्या बांध्यांत शिरलं, तर भाऊ आमच्या दारात येऊन म्हणाले, "चला सर, आला तुमचा समुद्र." वडील खरंच गेले. बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, "गोडं आहे."

मी चंद्रपूरला कॉलेजात मराठी शिकवते. आमच्या वार्षिक अंकात मी हा अर्थ छापावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. शिकलेल्या एका तरी माणसानं हो म्हणावं. मी दर वेळी म्हणे, "बाबा, नुसतं ध्वनिसाम्य आहे."

"तुझं एमए माझ्या गावाच्या काय कामाचं?" ते म्हणत. गेल्या महिन्यात पुन्हा विचारलं. मी म्हटलं, तपासून सांगते. तपासण्यासारखं काही नव्हतं.

मृत्यूच्या दाखल्यासाठी गेले, तेव्हा खिडकीतल्या बाबूनं आडनाव लिहिता लिहिता विचारलं, "आरमोरीकर म्हंजे मूळचे इथलेच ना?"

"समुद्राकाठचे," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. "मंग इथी कसे?"

याचं उत्तर वडिलांकडे नक्की असणार. मी कधी विचारलं नव्हतं. बाबूनं 'इथलेच' धरून दाखला दिला.

पाटी अजून फाटकावर आहे.