गाऊनचं टोक

माझी धाकटी जाऊ मला आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला मनाचा मोठेपणा वगैरे चिकटवायला नको.

आमचं घर वकिलांचं. तळमजल्यावर सासऱ्यांचं ऑफिस आणि तिथली रीत ठरलेली. खून-मारामाऱ्या पुरुषांकडे, घटस्फोट आणि पोटगी बायकांकडे. म्हणजे माझ्याकडे. टिश्यूचा डबासुद्धा फक्त माझ्याच टेबलावर! फौजदारीत मला काम एकच. सासरे उलटतपास घेत असताना मागे बसायचं आणि ते एक प्रश्न जास्तीचा विचारतायत असं वाटलं, की त्यांच्या गाऊनचं टोक ओढायचं. माझ्या त्या ओढण्यावर कितीतरी जण सुटले. नाव झालं सासऱ्यांचं.

ही बया लग्न होऊन आली आणि लगेच म्हणाली, "बाबा, मला खुनाची केस द्या. नाहीतर मी दुसऱ्या ऑफिसात जाते."

आता बघ कशी खरडपट्टी निघते, मी मनात म्हटलं. तर सासरे चक्क हसले. "घे," म्हणाले. एवढं सोपं होतं? माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

अशील होता एका पायाने लंगडणारा शिंपी. खटल्याची सगळी तयारी मी केली, कोर्टात उभी राहिली ती. मी मागे, शेजारी सासरे. दाराशी शिंप्याची आई. साक्षीदार म्हणत होता, याला गल्लीतून पळताना पाहिलं. जावेने त्याच्याकडून बरोबर वदवून घेतलं, की दिवा बंद होता, चेहरा दिसलाच नाही. झालं! आता गप खाली बसायचं. पण बाईसाहेबांना चेव आलेला.

"मग तुम्ही ओळखलंत..."

लंगडण्यावरून, दुसरं काय! साक्षीदार हे बोलला की संपलंच सगळं. विचार, मी मनात म्हटलं. विचार आणि पड तोंडावर. तेवढ्यात शिंप्याच्या आईकडे नजर गेली. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता. मी गाऊन असा खस्सकन ओढला, की तो हिच्या खांद्यावरून घसरला.

"एवढंच, साहेब," न्यायाधीशांना म्हणत ती बसली.

"शाब्बास, सूनबाई!" सासरे पुटपुटले. तिला. मला नाही. जीव नुसता जळला माझा.

मग शवविच्छेदन करणारे डॉक्टर साक्षीला आले. ही जागची हललीच नाही.

"ताई, डॉक्टर तुमचे. मघाशी तुम्ही ओढलं नसतं तर मी त्या शिंप्याला आत घातलं असतं."

"अगं, ती कशी..." सासरे म्हणाले.

"उठा ना, ताई. साहेब थांबलेत."

उठले. इतकी वर्षं हवी होती ती जागा, आणि मिळाली तीही हिच्याच हातून! रागाने फाईल टेबलावर आपटतच मी पुढे झाले. मागून तिने माझ्या गाऊनचं टोक हातात घेतलं.

"उगाच ओढलंस तर बघ," मी दातओठ खात म्हटलं, आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला.