साळुबाईंची नवी चंची

खोडदच्या साळुबाईंनी आयुष्यभर पानतंबाखूच्या चंच्या शिवल्या. गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या उंच अँटेनावर चढून दुरुस्ती करणाऱ्या श्रेयानं हत्यारांसाठी हलकी, गुंडाळता येणारी पिशवी मागितली, तेव्हा त्यांनी ताडपत्रीची मोठी चंचीच शिवली. सवयीनं कप्प्यांची तोंडं उघडी ठेवली. अँटेनावर श्रेयानं ती उलगडताच नट आवळायचा पाना निसटून खाली पडला. नशीब, खाली कुणी नव्हतं.

"मावशी, चंची मांडीवर उघडतात. मी वर पट्ट्याला लटकलेली असते."

"मंग तुजं काम बगितल्याबिगर आता सुई धरणार न्हाई."

दुपारभर त्या खाली उभ्या राहून श्रेयाचे हात पाहत होत्या. दुसऱ्या पिशवीत त्यांनी प्रत्येक कप्प्याला झाकण लावलं, प्रत्येक हत्याराला दोरी.

ती घेऊन वर गेलेली श्रेया उतरली तेव्हा एकही हत्यार निसटलं नव्हतं. "माझ्याबरोबर चढणाऱ्या आणखी चौघांना हवी, अशीच."

"अशीच कशी? हात येगळे असत्यात," साळुबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "त्यास्नी वर चढू दे. मी बगते."