तोरणाबाहेर नेलेली झडती

सरकार बदललं त्या दिवशी आमच्या फाट्यावर मी पेढे वाटले. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी जे कडू बोलणार आहे ते ऐकून कोणाला वाटेल की हा माणूस लांब उभा राहून मजा पाहणाऱ्यांतला आहे. मी लांब नव्हतो. मी मधोमध होतो, गळ्यात दुपट्टा होता, आणि तो दुपट्टा माझ्याच मशीनवर शिवलेला होता.

मी टेलर. महागाव तालुक्यात, डांबरी रस्त्यावरच्या फाट्यावर माझं दुकान आहे. गाव तिथून आत, आणि दुकान आणि गाव यांच्यामध्ये नाला. नाल्यावर रपटा आहे, म्हणजे पाण्याच्या पातळीपासून हातभर उंचीचा, कठडे नसलेला सिमेंटचा पट्टा. वर टेकड्यांकडे पाऊस झाला की आमच्याकडे ऊन असलं तरी रपटा बुडतो. मग अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. माझी मुलगी तेव्हा नववीत होती, महागावच्या शाळेत जायची. पावसाळ्यात आठवड्यातून एखादा दिवस असा यायचा की ती बसमधून उतरून थेट दुकानात यायची आणि कापडाच्या ठाणांना टेकून अभ्यास करत बसायची, पाणी उतरेपर्यंत. नाल्याच्या पलीकडे तिची आई छत्री घेऊन उभी. दोघी एकमेकींना हात करायच्या.

गावातल्या बाकीच्या मुलींचे बाप शहाणे. त्यांनी दहावीनंतर मुलींची शाळाच बंद केली. कारण विचारलं की सगळे नाल्याकडे बोट दाखवायचे. माझी बायको म्हणायची, "माह्या जिवाले घोर लागते. पूल झाला तर शिकवा तिले पुढं, नाही तर दहावी झाली का बस." मुलीला पुसदला जाऊन सायन्स घ्यायचं होतं. म्हणजे पूल हा माझ्या घरात राजकारणाचा विषय नव्हताच. पूल झाला तर मुलगी रोज घरून जाऊन-येऊन शिकेल, नाही झाला तर नाही, एवढाच हिशेब होता.

आता झडतीचं सांगायला हवं. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे गावच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सगळ्या बैलजोड्या सजून तोरणाखाली उभ्या राहतात, आणि पोळा फुटायच्या आधी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवून केलेली टर. पाटलाची, सरपंचाची, तलाठ्याची, नव्या जावयाची, कोणाचीही. शेवटी सगळं गाव 'हर हर महादेव' म्हणतं आणि बैलं दचकतात. आमच्या गावची रीत अशी की त्या दिवशी झडतीचा राग धरायचा नाही. उलट ज्याच्यावर झडती झाली त्यानंच पुढे येऊन म्हणणाऱ्याला विडा द्यायचा. मी असे पाटलाच्या हातून विडे खाल्ले आहेत, आणि एकदा तर ज्याची विहीर सरकारी कागदावर तीनदा खोदली गेली त्याच्या हातूनही. मला झडती माझ्या चुलत्यानं शिकवली. त्याचा आवाज बसला तेव्हापासून मीच म्हणतो.

निवडणुकीच्या आधीच्या पोळ्याला मी तेव्हाच्या आमदारावर म्हटली:

"पाच साल झाले, पूल कागदावर उभा,
नाल्यात आमची पोरं, अन् साहेबाची सभा!
मतं मागाले साहेब येते घरोघरी,
नाला आला का म्हणते, पोहत या सारी!"

असा हशा मी आयुष्यात ऐकला नव्हता. आमदाराचा आमच्या गावातला माणूस, तोही हसला, आणि रीतीप्रमाणे विडा घेऊन पुढे आला. "साहेबाले सांगतो बरं," म्हणाला. कोणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं होतं. आठ दिवसांत ते ढाणकीपर्यंत पोचलं, पुसदपर्यंत पोचलं. गिऱ्हाईकं दुकानात आली की माप द्यायच्या आधी झडती म्हणायला लावायची.

मग एके दुपारी विरोधी उमेदवार स्वतः दुकानात आला. माझ्या स्टुलावर बसला, चहा प्याला, मुलीला कितवीत आहे विचारलं. म्हणाला, "भाऊ, तुमचा पूल म्हणजे माझा पहिला शब्द. फक्त ही झडती आपल्या सभेत म्हणा." मी लगेच हो म्हटलं. विचारसुद्धा केला नाही. चुलत्याला सांगितलं तेव्हा त्यानं तोंडातली सुपारी थुंकली.

"झडती तोरणाखालीच म्हणाव, बापू. बाहेर नेली का ते भांडण होते."

"कायचं भांडण? खरं तेच तर बोलून राह्यलो."

"खरं असन. पण तोरणाखाली तू कोणाचाच नसते. थ्या स्टेजवर तू त्याचा होशीन."

मला वाटलं म्हातारा जुन्या काळात अडकला आहे. मी बाजाराच्या गावागावांत फिरलो. माईक हातात आला की माझं मलाच भान राहायचं नाही. टाळ्यांची चटक वाईट असते, आणि ती मला लागली होती. पुलाचं नाव घेऊन मी ती भागवत होतो हे आज कबूल करतो. पुढे पुढे त्यांच्या माणसांनी मला ओळी लिहून द्यायला सुरुवात केली. आमदाराच्या बायकोवर, त्याच्या चालण्यावर. तोरणाखाली आम्ही कधी कोणाच्या बायकोवर म्हटलं नव्हतं. मी तेही म्हटलं. प्रचाराचा ऑटो माझाच आवाज भोंग्यातून ओतत माझ्या दुकानासमोरून जायचा आणि मी मशीन थांबवून ऐकत बसायचो.

तो निवडून आला, वर मुंबईतलं सरकारही त्याच्याच पक्षाचं झालं. सत्काराला मी पहिल्या रांगेत होतो. नव्या आमदाराच्या खांद्यावर शाल टाकायला जो माणूस स्टेजवर चढला त्याला पाहून माझे हात टाळी वाजवता वाजवता थांबले. तो जुन्या आमदाराचा ठेकेदार होता. आमचा रपटा बांधणारा हाच, आणि दर दोन वर्षांनी त्याच रपट्याची दुरुस्ती दाखवणाराही हाच. गळ्यात नवा दुपट्टा. शिवण माझीच होती, मी ओळखली. शेजारच्याला विचारलं, "हा काहून इथं?" तो म्हणाला, "तुमी आले तसा तोही आला." उत्तर बरोबर होतं, म्हणून जास्त झोंबलं.

नाल्यावर नारळ फुटला. जुन्या आमदारानेही एकदा फोडला होता, त्यामुळे दगड कुठे ठेवायचा ते सगळ्यांना माहीत होतं. गिट्टीचा एक ट्रक रिकामा झाला. मला पूल पाठपुरावा समितीचा सदस्य केलं. नावाचं पत्र मी दुकानात चिकटवलं. सदस्य म्हणून मी रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात किती सकाळी बसलो त्याची गणती नाही. आमदारांचा पीए दरवेळी एकच सांगायचा, फाईल वर गेली आहे. पहिल्यांदा मला बरं वाटलं. नंतर कळलं की वर गेलेली फाईल खाली येत नसते. गिट्टीच्या ढिगाऱ्यावर लोकांच्या बकऱ्या बसायला लागल्या. पावसाळा आला, रपटा बुडाला, आणि दहावीतली माझी मुलगी पुन्हा ठाणांना टेकून बसली.

त्या वर्षीच्या पोळ्याआधी सरपंच आणि चार जाणते लोक दुकानात आले. सरपंच आता नव्या आमदाराचा माणूस.

"यंदा साहेबावर नको म्हणू गा," तो म्हणाला. "टेंडर निघून राह्यलं. साहेबाले राग आला तर पूल दुसऱ्या गावाले जाईन. तुह्यामुळं गेला असं होईन."

मी सदस्य होतो ना. मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, ते पटून घेणं सोपं होतं. तोरणाखाली उभा राहून मी झडती म्हटली ती गावातल्या सुना दिवसभर मोबाईल पाहतात यावर. लोक हसले. सासरे जास्त हसले. एका सुनेनं मला दुसऱ्या दिवशी ब्लाऊजचं कापड देताना वर पाहिलंही नाही. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरी मी मनात टेंडरचा विचार करत होतो.

टेंडर निघालं नाही. मुलगी दहावी पास झाली, चांगल्या मार्कांनी. बायकोनं आपला शब्द पाळला असता, पण मीच पाया पडल्यासारखं बोललो तेव्हा एवढ्यावर आली की मुलीनं पुसदला मामाकडे राहावं. तिच्या वर्गातल्या गावच्या तिन्ही मुली घरी बसल्या. एकीचं लग्न ठरलं. तिच्या लग्नाचे कपडे मीच शिवले. माप घेताना तिनं मला विचारलं, "काका, पुलाचं काय झालं?" मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

त्यानंतरच्या पोळ्याला मी ठरवलं, आता बोलायचं. मुलगी मामाकडून आली होती. आखरावर गर्दी होती. सरपंचाची जोडी मानाच्या जागी. मी पुढे झालो आणि आवाज चढवला:

"जुना साहेब गेला, नवा साहेब आला,
ठेकेदार तोच, त्यानं दुपट्टा बदलला!
नारळ फुटले दोन, पाणी गेलं वाहून,
पूल काही दिसेना, दमलो वाट पाहून!"

मी थांबलो. गावाने 'हर हर महादेव' म्हणायचं असतं. मागून दोन-तीन म्हातारे म्हणाले. बाकी लोक एकमेकांकडे पाहत होते. हसू येत नव्हतं असं नाही, पण कोणासमोर हसावं हे त्यांना कळत नव्हतं. सरपंच बैलाचा कासरा धरून माझ्याकडे आला. मला क्षणभर वाटलं विडा देतो.

"कधी गेला गा त्यायच्यात?" त्यानं विचारलं.

"कोणाच्यात?"

"असाच नाही बोलत तू. मागच्या खेपेस आमच्याकडून बोलत होता. आता थ्यायच्याकडून. सांग ना, लाजतं कायले?"

आजूबाजूचे हसले. त्या दिवसातला खरा हशा तोच. मी म्हणत राहिलो की मी कोणाच्यात नाही, हा पोळा आहे, ही झडती आहे. जितकं जास्त म्हणालो तितकं ते पुढाऱ्याच्या खुलाशासारखं वाटायला लागलं, मलासुद्धा. पोळा फुटला. लोक बैलं घेऊन घराघरांत पूजेला गेले. चुलता कडुनिंबाखाली बसला होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "यमक झकास होतं." त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. जुन्या आमदाराचा माणूस, तोच, ज्यानं पहिल्या वेळी विडा दिला होता. फार गोड बोलला. "भाऊ, झालं गेलं जाऊ द्या. साहेबानं पाह्यला तुमचा व्हिडिओ. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीले आपण हेच लावू ना प्रचाराच्या गाडीवर." मी त्याला दोन अस्सल वऱ्हाडी शिव्या दिल्या. त्यानं रागावून फोन ठेवला नाही, म्हणाला, "विचार करून सांगा." त्याचा धंदाच तो, आणि माझ्यासारखी माणसं शेवटी कुठे जातात हे त्याला माहीत असणार.

फोन झाला तेव्हा मुलगी बॅग भरत होती. तिला दुपारच्या बसनं पुसदला परत जायचं होतं, नाल्याला पाणी यायच्या आत. ती सगळं ऐकत होती. म्हणाली, "बाबा, कालची झडती लय मस्त जमली. माह्या मैत्रिणीयनं पण पाह्यली."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. दोन दिवसांत पहिल्यांदा कोणी झडतीबद्दल झडती म्हणून बोललं होतं. मी विचारलं, काय म्हणाल्या मैत्रिणी?

"त्या विचारत होत्या, तुहे बाबा आता कोण्या पार्टीचे? मले सांगता नाही आलं." तिनं चेन लावली आणि माझ्याकडे पाहिलं. "कोणाकडून म्हटली बाबा, यावेळी?"

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, मैत्रिणींना सांगायला. मी म्हटलं, कोणाकडूनच नाही, तुझ्यासाठी म्हटली. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नाही हे मला दिसलं. माझ्या मुलीला वाटतं की माणूस तोंड उघडतो तो कोणाच्या तरी वतीनंच उघडतो. हे तिला शाळेत कोणी शिकवलं नाही, मी शिकवलं.