पेटीनं उचललेला फोन

फोन उचलला की अण्णा हॅलो म्हणायचे नाहीत. आधी ओठांचा चंबू करून हळूच शीळ घालायचे, मान कलती करून ऐकायचे आणि मग समोर कुणीही असो, त्याला सांगायचे, "लाइन जित्ती हाय. बोला." एकदा समोर मोठे साहेब होते. त्यांनीही निमूट ऐकून घेतलं म्हणतात.

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात अण्णा टेलिफोन मेकॅनिक आणि मी बोर्डावर ऑपरेटर. अण्णा चाकणकडचे, पन्नाशीचे, खिशाला पेनच्या जागी स्क्रूड्रायव्हर. मी नकला करायचो. साहेबांची, गेटवरच्या पहारेकऱ्याची आणि सगळ्यात झकास अण्णांची, शिळेसकट. तुम्ही डोळे मिटून ऐकलं असतंत तर शंभर टक्के फसला असतात. अण्णाही हसायचे. "नकल्या, उद्या माझ्या जागी तूच ये कामाला. मी झोपतो."

कॉलनीतल्या त्यांच्या खोलीत दोन फोन होते. एक सरकारी आणि एक कंपनीचा, कारण फॉल्ट झाला की कंपनीला अण्णा कधीही लागायचे. बायको वारलेली, घरात दुसरं कुणी नाही. म्हणून त्यांनी बिस्किटांच्या डब्यात एक यंत्र बनवून दोन्ही फोनच्या मधे बसवलं होतं. त्याला ते पेटी म्हणायचे. पेटी चालू असली की घरचा सरकारी फोन ती स्वतः उचलायची आणि कंपनीच्या लाइनला जोडून द्यायची. इकडे माझ्या बोर्डावर त्यांच्या खोलीचा दिवा लागायचा, आणि अण्णा ज्या खात्यात असतील तिथं मी फोन द्यायचो. सरकारी लाइनला असलं काही जोडायला परवानगी नव्हती. तपासणीला लाइनमन आला की अण्णा त्या डब्यावर पापड वाळत घालायचे.

पेटी लांबूनही चालवता यायची. कुठूनही घरी फोन लावायचा, तिनं उचलला की शीळ घालायची. दोन तुटक शिळा घातल्या की पेटी बंद. एक लांब शीळ घातली की चालू. बंद असली तर फोन नुसताच वाजत राहायचा. दहा घंट्या झाल्या की ती उचलायची, शिळेची वाट बघायची, आणि शीळ आली नाही तर गुपचूप ठेवून द्यायची.

एका शनिवारी कॅन्टीनमधे पोरं मला डिवचायला लागली. "माणसं फसतात रे, भावा. मशीन नाय फसणार." मी तिथूनच अण्णांच्या घरी फोन लावला आणि अण्णांसारख्या दोन शिळा घातल्या. परत लावला. नुसता वाजत राहिला, म्हणजे पेटी बंद झालेली. पोरांनी टेबलं बडवली. दहा घंट्यांनंतर पेटीनं उचलल्यावर मी लांब शीळ सुरू केली, पण एकानं डोळा मारला, मला हसू आलं, शीळ थरथरली. झाली असेल चालू, म्हणून मी फोन ठेवला. जेवणाची सुट्टी संपत आली होती.

दोन वाजता अण्णा बोर्डापाशी आले. केस नीट विंचरलेले. "आज घरच्या लाइनीवर माझा फोन येणार हाय. रजा न्हाई भेटली. मी हितंच थांबतो."

अडीच वाजले, तीन वाजले. दिवा लागला की अण्णा पुढं वाकायचे. त्यांच्या खोलीचा नसायचा. मला दुपारची ती थरथरलेली शीळ आठवली.

"अण्णा, घरी लावून बघू का एकदा? पेटी चालू आहे का ते."

"नको. त्याच टायमाला तिचा आला तर एंगेज लागंल."

"कुणाचा?"

"पोरीचा."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं मराठवाड्यातल्या एका फिटरशी आपल्या मनानं लग्न केलं होतं. अण्णा तिला दारात म्हणाले होते, "मला मेलीस तू." आख्ख्या कॉलनीनं ऐकलं होतं. आता आकुर्डीच्या मैत्रिणीकडे तिनं चिठ्ठी पाठवली होती. अण्णांनी ती मला दाखवली. शनिवारी दोन ते चारमधे ट्रंक कॉल लावते, बाबा बोलले तर बोलले, नाही बोलले तर पुन्हा त्रास देणार नाही.

तेव्हा मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी नाही बोललो. चालू असेल, चालू असेल, असं घोकत बसलो. चार वाजून गेल्यावर अण्णा म्हणाले, "न्हाई आला," आणि कामाला गेले.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. पेपरवर पेटी सुटी करून ते बसले होते.

"शेजारच्या वहिनी म्हणत्यात, दहा घंट्या वाजल्या आन् थांबला. परत दहा. तीनदा." माझ्याकडे न बघताच ते बोलत होते. "म्हंजी पेटीनं उचलला. तिला वाटलं आसंल, मीच उचलला. काय बोललो न्हाई, ठिवून दिला. तीनदा. कुटं तारंचा टाका सुटलाय तेच घावंना."

मग मी सगळं सांगितलं.

त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर पेपरवर ठेवला. मग म्हणाले, "वाजव बघू."

मी ओठांचा चंबू केला. दोनदा नुसती हवाच आली. तिसऱ्यांदा शीळ वाजली.

"माझीच हाय," अण्णा म्हणाले. "पेटीनं वळखावं तरी कसं."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चिठ्ठीत पत्ता नव्हता, मैत्रिणीलाही ठाऊक नव्हता. पाकिटावरचा शिक्का पुसट, परभणीचा असावा असा. सोमवारी त्यांनी रजा टाकली आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "डबा काढलाय. शिफ्ट सुटली की हितं बसायचं. तिचा आला तर तुझ्या आवाजात बोल. माझ्या न्हाई."

रोज संध्याकाळी सहाला अण्णांचाच ट्रंक कॉल यायचा. परभणी. पूर्णा. नांदेड.

"आला का?"

"नाही, अण्णा."

"ठिव मग. लाइन मोकळी राहू दे."

मला जेवलात का विचारायचं असायचं. तेवढ्यात फोन बंद झालेला असायचा. बाराव्या दिवशी म्हणाले, "एका खेड्यात त्या फिटरची म्हातारी ऱ्हाती म्हणं. उद्या जातो."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. तिचाही नाही. मी जात राहिलो. अण्णांची रजा संपली, वर महिना गेला, कंपनीनं खोली दुसऱ्याला दिली, आणि एका संध्याकाळी साडेपाचला फोन काढायला लाइनमन आला.

"सातपर्यंत थांबा ना," मी म्हटलं.

भला माणूस. का म्हणून विचारलं नाही. बसला. मी चहा केला, तो प्यायला. सात वाजून गेल्यावरही तो जरा बसून राहिला. मग त्यानं पिशवीतून पकड काढली.